किल्लीला कुलपासकट जागा द्या

जुना वाडा पाडायला काढला की चौकटी, तुळया आणि नक्षीच्या दारांना गिऱ्हाईक लगेच मिळते. किल्ल्या मात्र मोडीत वजनावर जातात, नाहीतर मुंबईच्या चोरबाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात ढिगाने येऊन पडतात. तिथून त्या आता तुमच्या घरसजावटीच्या कामांत दिसू लागल्या आहेत, याचा मनापासून आनंद आहे. वीतभर लांबीची घडीव लोखंडी किल्ली हातात घेतली की तिची कडी अंगठ्याखाली गुळगुळीत लागते. ती झीज माणसांच्या रोजच्या वापराची असते, आणि किल्लीचे सारे देखणेपण त्यातच आहे.

पण एक गोष्ट खटकते. किल्ली भिंतीवर येते आणि तिचे कुलूप मागेच राहते. आपल्याकडच्या जुन्या कुलपांच्या किल्ल्या पुष्कळदा फिरवायच्या नसतातच. कुलपाच्या आत फाकलेल्या पट्ट्या असतात. किल्ली सरळ आत सरकवली की त्या दाबल्या जातात आणि कुलपाची कडी सुटते. अशा किल्लीला नेहमीचे दात नसतात, टोकाशी भोक किंवा खाच असते. पेचाच्या कुलपाची किल्ली तर स्क्रूसारखी फिरवत आत न्यावी लागते. कुलूप शेजारी नसेल तर पाहणाऱ्याला यातले काय कळणार? ही कुलपे मागे कशी पडली, तेही आठवा: १८९७ साली अर्देशीर गोदरेज यांनी मुंबईत कुलपांचा कारखाना काढला. कारखान्याची कुलपे घरोघरी पोचली, तशी लोहाराने कानस चालवून घडवलेली कुलूप-किल्लीची जोडी मागे पडली. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातली कुलपे एकदा निवांत पाहा. जोडी फोडावीशी वाटणार नाही.

आता कामाचे. पितळी किल्ली चिंचेने किंवा आम्लाने घासून लखलखीत करू नका. वर्षानुवर्षांची काळसर झाक एका दुपारीत जाते. लोखंडावरचा सुटा गंज मऊ ब्रशने काढून मेणाचा पातळ हात द्या. लोखंडी किल्ली तांब्याच्या तारेने बांधू नका. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत दोन धातू भिडले की लोखंड लवकर गंजते, म्हणून दोराच बरा. बंद चौकटीत एमडीएफ वापरू नका, त्यातून निघणाऱ्या वाफा धातू खातात. डिंक, वेल्डिंग, छिद्रे तर नकोतच; किल्ली उद्या जशीच्या तशी काढता आली पाहिजे. चाळीस किल्ल्यांच्या गर्दीपेक्षा एकच जोडी, बाजूने सोडलेल्या प्रकाशात, कितीतरी अधिक शोभते.

घरमालकाची किल्ली असेल तर ती आजही एखाद्या दाराला किंवा तिजोरीला लागते का, हे आधी विचारा. लागत असेल तर ती भिंतीवर नको आणि छायाचित्रातही नको, कारण दातांच्या स्पष्ट फोटोवरून नक्कल करता येते.

आणि चौकटीच्या मागे चार ओळी लिहून ठेवा: गाव, घर, कोणत्या दाराची किल्ली, कुणाकडून मिळाली. या महिन्यात हाती येणाऱ्या पहिल्याच किल्लीपासून हे सुरू करा.