चाक घरीच काढावं

मोटरसायकलचा टायर बदलायचा असेल तर चाक घरी काढावं आणि नुसतं चाक घेऊन टायरवाल्याकडे जावं, असं माझं स्पष्ट मत आहे. हे मत मांडलं की नातेवाईक हमखास म्हणतात, "अरे, शे-दोनशे रुपयांसाठी कशाला हात काळे करतोस?" तर मंडळी, प्रश्न पैशांचा नाहीच.

आणि हे काही नवीन खूळही नाही. बजाजची जुनी चेतक आठवा, १९७२ साली आलेली. इस्त्रीच्या शर्टातले बँकेतले साहेब, शाळेतले सर, सगळे पंक्चर झाली की रस्त्याच्या कडेला स्कूटर कलती करून नट सोडायचे, स्टेपनी चढवायचे आणि रुमालाला हात पुसून पुढे जायचे. त्यात कुणाला कमीपणा वाटत नव्हता. स्कूटरचं चाक होतंच तसं, मोटारीसारखं एका बाजूने बसवलेलं. मग १९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी १०० आली, १९९४ मध्ये स्प्लेंडर आली, आणि आपण मोटरसायकलवाले झालो. इथे ॲक्सल आरपार, चेन मध्ये, ब्रेकची दांडी वेगळी, स्टेपनी नाहीच. चाक काढणं हे 'मेकॅनिकचं काम' झालं आणि आपण फक्त पेट्रोल भरणारे उरलो.

माझ्या मते तिथेच काहीतरी हरवलं. ज्या दोन चाकांवर आपण बायकोपोरांना बसवून घाट उतरतो, ती कशाने धरून ठेवली आहेत हे आपल्याला माहीत नसतं!

स्प्लेंडरसारख्या साध्या, ड्रम ब्रेकच्या गाडीचं मागचं चाक बघा. ॲक्सलचा मोठा नट गाडी जमिनीवर असतानाच थोडा सैल करायचा, डबल स्टँडवर चढवून जोर लावत बसायचं नाही. मग स्टँडवर लावून ब्रेकच्या दांडीचा नट काढायचा आणि दांडीवरची स्प्रिंग, पिन पुन्हा दांडीवरच अडकवून ठेवायची, म्हणजे हरवत नाही. ब्रेक प्लेटला धरून ठेवणारी पट्टी सोडवायची. ॲक्सल ओढला की बाजूचा स्पेसर निसटून पडतो. तो कुठल्या बाजूचा होता ते लक्षात ठेवा, मोबाईलवर फोटो काढलेला उत्तम. या गाड्यांत चेन आणि स्प्रॉकेट जागेवरच राहतात, चाक तेवढं सुटून येतं. गाडी जरा कलती धरायला मात्र दुसरं माणूस लागतं. (घरातलं कुणी मोबाईल सोडून दहा मिनिटं आपल्याबरोबर असतं, हा वरचा फायदा. :-))

चाक हातात आलं की खरी गोष्ट सुरू होते. बेअरिंगमध्ये बोट घालून फिरवून बघा. खरखर लागली तर ते बदलायची हीच वेळ. ब्रेकचे लायनर किती उरलेत ते दिसतं. हबमधले रबर चुरले असतील तर गिअर टाकताना बसणारा झटका कुठून येतो ते कळतं. ब्रेकची धूळ तोंडाने फुंकू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. ओल्या फडक्याने पुसा. दुकानात गर्दीच्या वेळी हे सगळं कोण बघणार? त्याला टायर बदलायला सांगितलेलं असतं, तो टायर बदलतो. त्यात त्याची काही चूक नाही.

पण काढणं सोपं, जबाबदारी बसवताना. दोन जागा मी पुन्हा पुन्हा तपासतो. पुढच्या चाकाच्या ब्रेक प्लेटला एक खाच असते, ती फोर्कवरच्या उंचवट्यात बसलीच पाहिजे. मागे ती ब्रेकची पट्टी, तिचा नट आणि जिथे स्प्लिट पिन असते तिथे नवी पिन. या दोन्हींचं काम एकच, ब्रेक दाबल्यावर प्लेटला चाकाबरोबर फिरू न देणं. ती फिरली तर चाक जाम होऊ शकतं, तेही वेगात. एवढी मोठी जोखीम एवढ्याशा खाचेवर आणि पिनेवर आहे. म्हणून मी म्हणतो, चाक कुणीही बसवो, या दोन जागा ज्याची गाडी त्याने स्वतः बघाव्यात. आणि एकदा तरी स्वतः चाक काढल्याशिवाय त्या कुठे असतात हे कळत नाही.

घरच्या कामाची हद्दही ठरवावी. टामीने टायर रिमवरून उतरवणं मी करत नाही. नवशिक्याच्या हातून ट्यूब चिमटते, आणि टायरवाल्याचा हात त्यात वर्षानुवर्षं बसलेला असतो. म्हणजे कुणाच्या पोटावर पाय येत नाही, त्याचं काम त्याच्याकडेच जातं. फक्त आपण डोळे उघडे ठेवून जातो. टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचायचे. ३२२४ लिहिलं असेल तर तो २०२४ सालच्या ३२ व्या आठवड्यात बनलेला. फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तो बरोबर बसलाय ना ते बघायचं. डिस्क ब्रेकवाल्यांनी एक लक्षात ठेवावं, चाक बाहेर असताना ब्रेकचा लिव्हर दाबायचा नाही, पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा घालून ठेवावा. एबीएस असेल तर त्याच्या सेन्सरला जपावं. हे जमेलसं वाटत नसेल तर खुशाल दुकानात द्या, पण शेजारी उभं राहून बघा.

आपल्याकडे 'हात काळे करणं' हा वाक्प्रचार बदनामीसाठी वापरतात, याचं मला नेहमी नवल वाटतं. ग्रीस साबणाने निघतं. पण माहीत नसलेल्या नटावर जीव टाकून रोज ऑफिसला जायचं आणि त्यालाच सभ्यपणा म्हणायचं, हे मला पटत नाही. आपल्या मुलामुलींना गाडी चालवायला शिकवताना क्लच-गिअरच्या आधी एकदा चाक काढून दाखवावं. मुलींना तर नक्कीच, कारण "तुला काय त्यातलं कळतंय" हे त्यांनाच जास्त ऐकावं लागतं.

असो. चाक बसवल्यावर चेनचा ताण बघा, चाक हाताने मोकळं फिरवून बघा, नट मॅन्युअलमध्ये दिला आहे तेवढाच आवळा. आणि मोठ्या रस्त्याला लागण्याआधी गल्लीतच, हळू वेगात, दोन्ही ब्रेक दाबून बघा.