‘सॉरी’ : एक शब्द, अनेक अर्थ

‘सॉरी’ हा शब्द आपण दिवसातून किती वेळा उच्चारतो, याचा तुम्ही कधी हिशेब केला आहे का? बसमध्ये धक्का लागला, सॉरी. बोलणे नीट ऐकू आले नाही, सॉरी. कोणाच्या घरी मृत्यू झाल्याचे कळले, तरीही सॉरीच.

जुन्या इंग्रजीतील ‘वेदनाग्रस्त, व्यथित’ अशा अर्थाच्या विशेषणापासून हा शब्द आला. म्हणजे मुळात तो बोलणाऱ्याच्या मनाची अवस्था सांगतो; चूक कोणाची, हे सांगत नाही. म्हणूनच सहानुभूती, खेद आणि क्षमायाचना हे तिन्ही अर्थ त्यात एकत्र नांदतात. नेमका अर्थ संदर्भावरून ठरतो.

परंतु यामुळे तो शब्द हलका ठरत नाही. ऑस्ट्रेलियात शासकीय धोरणांमुळे कित्येक दशके आदिवासी मुलांची त्यांच्या कुटुंबांपासून ताटातूट करण्यात आली. १९९९ मध्ये पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी संसदेत खेद व्यक्त करणारा ठराव मांडला. ‘सॉरी’ म्हणणे मात्र टाळले. पीडितांना हवा होता तो नेमका हाच शब्द. १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी तो संसदेत उच्चारला, तेव्हा ऐकणाऱ्या अनेकांना अश्रू आवरले नाहीत.

मराठीत या अर्थच्छटांसाठी स्वतंत्र शब्दयोजना आहे. ‘वाईट वाटले’ ही सहानुभूती, ‘दिलगीर आहे’ हा खेद, ‘माझे चुकले’ ही कबुली. तर ‘क्षमा करा’ म्हणताना आपण निर्णय समोरच्या व्यक्तीच्या हाती सोपवतो. ‘सॉरी’ मराठीत रुळला, यात गैर काही नाही. बसमधल्या धक्क्याला तो पुरेसा आहे. मात्र सर्वच प्रसंगी तोच वापरला, तर पहिला बळी जातो तो कबुलीचा. ‘सॉरी म्हटले ना!’ या वाक्यात खेदापेक्षा सुटकेची घाईच अधिक दिसते.

भाषेचा अभ्यास परीक्षेपुरता नसतो. घरी किंवा कामाच्या ठिकाणी तुमच्या वागण्याने कोणी दुखावले असेल, तर ‘माझे चुकले’ हे दोन शब्द उच्चारून पाहा. ते जड वाटतील. त्यांचे मोल त्या जडपणातच आहे.