भट्टीचें अस्तर आणि माणसाची छाती

ज्याच्या हाताला काळें लागतें त्याच्या डोक्यांत उजेड नसतो, असा एक समज आमच्या सुशिक्षित वर्गांत इतका खोल रुजला आहे कीं, तो बोलून दाखविण्याचीहि कोणास गरज वाटत नाहीं. परवां एका विद्वान् स्नेह्यांशीं बोलतांना ओतकामाच्या कारखान्यांचा विषय निघाला. भट्टीचें अस्तर दुरुस्त करणारीं माणसें उतारवयाच्या आधींच धापा टाकूं लागतात, असें आम्हीं म्हणतांच ते उद्गारले, “अडाण्यांचें काम तें! तोंडाला फडकें बांधलें असतें तर ही वेळ आली नसती.” या दोन वाक्यांत दोन चुका आहेत, आणि दोन्ही माणसांच्या जिवावर बेतणाऱ्या आहेत, म्हणून त्यांचा समाचार घेणें आम्हांस अवश्य वाटतें.

पहिली चूक अडाणीपणाची. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरांत, शिरोलीस व गोकुळ शिरगांवास लोखंड ओतण्याचे अनेक कारखाने आहेत. मोटारींचे आणि पंपांचे भाग तेथें ओतले जातात. विजेच्या भट्टींत लोखंडाचा रस १४०० ते १५०० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवितात. भट्टीभोवतीं तांब्याच्या नळीचें वेटोळें असतें आणि त्या नळींतून थंड पाणी खेळत असतें. रस आणि पाणी यांच्यामध्यें कांहीं बोटें जाडीचें गारेच्या पुडीचें अस्तर, एवढाच काय तो आडोसा! हें अस्तर घालणारा मनुष्य मधोमध पोलादी पत्र्याचा साचा उभा करतो, भोवतालच्या पोकळींत बोरिक अ‍ॅसिड मिसळलेली कोरडी पूड थोडी थोडी ओततो, प्रत्येक थर टोचून त्यांतील हवा काढतो व ठोकून घट्ट बसवितो. मग भट्टी ठरलेल्या चालीनें तापवून ती पूड भाजावी लागते. गार ५७३ अंशांवर एकाएकीं फुगते. तेथें घाई केली तर भेग पडलीच म्हणून समजावें. भेगेंतून रस वेटोळ्यापर्यंत पोंचून पाण्यास भिडला कीं स्फोट होतो. झिजलेलें अस्तर आणखी किती वेळां रस सोसेल, हें ठरविण्यास अनुभवी डोळा लागतो. ज्याच्या हातावर साऱ्या कारखान्याचा जीव विसंबून, त्यास अडाणी म्हणणें हाच खरा अडाणीपणा होय.

दुसरी चूक फडक्याची. जुनें अस्तर फोडतांना आणि नवें भरतांना गारेची धूळ उडते. डोळ्यांस दिसते ती धूळ तितकी घातक नव्हे. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनहि बारीक असे कण फडक्यांतून सहज पार होतात व फुप्फुसाच्या तळाशीं रुततात. तेथें हळूहळू व्रणासारखें कठीण जाळें बनतें. यालाच सिलिकोसिस म्हणतात. त्यावर रोग मुळासकट घालविणारा उपाय नाहीं, आणि तो जडलेल्यास क्षयहि लौकर गांठतो. कडक उष्णतेनें गारेचें क्रिस्टोबलाइट नांवाचें दुसरें रूप बनतें, तेंहि तितकेंच घातक. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें कारखान्यांत श्वासावाटे जाणाऱ्या या दोन्ही धुळींस १९९७ सालीं मानवांत कर्करोग उत्पन्न करणाऱ्या द्रव्यांत घातलें. येथें फडकें बांधा म्हणणें म्हणजे चाळणीनें पाणी अडविण्यास सांगणें होय.

कोणी विचारील, एवढें भयंकर असेल तर त्याचा गवगवा कसा होत नाहीं? उत्तर सोपें आहे. रोग बहुधा दहा वर्षांनीं किंवा त्याहून उशिरां प्रकट होतो. तोंवर ठेकेदाराच्या हाताखालील मनुष्य चार भट्ट्या व चार ठेकेदार बदलून गेलेला असतो. गांवच्या दवाखान्यांत छातीचा फोटो पाहून क्षय म्हणून औषध दिलें जातें. सन १९४८ च्या कारखाने कायद्यानें सिलिकोसिस हा सरकारास कळविलाच पाहिजे असा रोग ठरविला. पण नोंदींत नांवच चढलें नाहीं तर कळविणार कोण? नोंद नाहीं म्हणून रोग नाहीं, आणि रोग नाहीं म्हणून उपाय नाहीं, असें हें चक्र आहे.

लहान कारखानदाराची अडचण आम्ही जाणतों. मोठा ग्राहक भाव पाडतो आणि तो वाराहि त्याच्याच अंगावर येतो. तथापि धूळ उगमापाशींच ओढून घेणारा पंखा, चेहऱ्यास नीट बसणारा गाळणीचा मुखवटा, जुनें अस्तर न फोडतां ढकलून बाहेर काढण्याची सोय, या गोष्टी आज अशक्य कोटींतील नाहींत. मोठ्या ग्राहकांनीं मालाच्या भावांत त्यांचा खर्च मान्य करावा. छातीची तपासणी भट्टीच्या नांवें न ठेवतां माणसाच्या नांवें ठेवावी, म्हणजे ठेकेदार बदलला तरी कागद बदलणार नाहीं. आणि डॉक्टरांनीं खोकणाऱ्या रोग्यास एवढेंच विचारावें कीं, “बाबा, तूं आजवर कोणतें काम केलेंस?” हा प्रश्न विचारण्यास पैसा लागत नाहीं. तो विचारला जात नाहीं, याचें कारण आमच्या स्नेह्यांच्या त्या दोन वाक्यांत आहे.