थंडीवर खापर फोडू नका

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पाच अंशांखाली घसरतो, द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात आणि नाशिकच्या सोसायट्यांत भल्या सकाळी जुन्या गाड्यांचे सेल्फ घरघरू लागतात. सातपूर-अंबडची पहिली पाळी गाठायची असते आणि गाडी ढिम्म. मग शेजाऱ्यांचे धक्के आणि दुपारी नवी बॅटरी. पुष्कळदा हा खर्च निव्वळ वाया जातो.

लेहमध्ये उणे दहा अंशांतही गाड्या सुरू होतात. आपल्या पाच-सहा अंशांत धडधाकट गाडीनं अडायचं कारणच नाही. थंडीत बॅटरीचा जोर थोडा कमी होतो, ऑइल दाट होतं, एवढंच. तरीही गाडी अडली, तर काहीतरी आधीच कमजोर झालेलं असतं. आणि बॅटरी खरंच गेली असेल, तर ती बहुधा एप्रिल-मेच्या उन्हानं मारलेली असते. थंडी फक्त चहाडी करते.

आधी नुसतं ऐका. ‘टक’ आवाज होऊन सगळं गप्प, किंवा इंजिन रडतखडत फिरतंय, तर बॅटरी, टर्मिनल, अर्थिंगची वायर आणि स्टार्टर तपासा. इंजिन झपाझप फिरतंय पण पेटत नाही, तर बॅटरीला हात लावू नका. ती तिचं काम करते आहे.

काही शे रुपयांचा डिजिटल मीटर घरात असू द्या. रात्रभर उभ्या गाडीच्या भरलेल्या बॅटरीवर 12.6 व्होल्टच्या आसपास दिसतात, 12.2 म्हणजे ती निम्मी उतरली. आधी चार्ज करा. भरलेली बॅटरीही सेल्फ मारताना 9.6 च्या खाली जात असेल, तर ती बदला. बॅटरी चांगली असूनही इंजिन मंद फिरतंय? मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धरा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं, तर अर्थिंग खराब आहे. ती वायर घासून घट्ट बसवायला पाना आणि पॉलिश पेपर पुरतो.

इंजिन झपाझप फिरूनही पेटत नसेल, तर सगळ्यात जास्त चकवतो तो कूलंटचा तापमान सेन्सर. इंजिन गार असताना गाडीचा संगणक पेट्रोल वाढवून देतो. जुन्या मारुती 800 मध्ये हेच काम आपण चोक ओढून करायचो. सेन्सर बिघडून ‘इंजिन गरम आहे’ असं सांगू लागला, की पेट्रोल कमी पडतं आणि गाडी पेटत नाही. इंजिनचा दिवा लागेलच असं नाही, कारण सत्तर अंश हा आकडा संगणकाला खोटा वाटत नाही. स्कॅनर लावून पहाटेचा आकडा बघा. रात्रभर उघड्यावर उभी असलेली गाडी साठ-सत्तर अंश दाखवत असेल, तर चोर सापडला.

इंडिकासारख्या जुन्या डिझेल गाडीत चारपैकी एक-दोन हीटर प्लग जळाले असतील, तर ते थंडीतच कळतं. गाडी पांढरा धूर सोडते आणि अडखळत पेटते. सीएनजीवाल्यांनी टाकीत ताजं पेट्रोल ठेवावं. बरीचशी किटं गाडी पेट्रोलवर सुरू करतात, आणि टाकीत गेल्या वर्षीचं उरलेलं दोन लिटर असतं.

एक सवय मात्र आजच मोडा. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून ‘अल्टरनेटर बघतो’ म्हणणारे अजून भेटतात. त्या झटक्यानं गाडीचा संगणक जळू शकतो. मीटर लावा, चालू इंजिनवर बॅटरीच्या टोकांना 13.8 ते 14.5 व्होल्ट दिसले, की चार्जिंग ठीक. सेल्फही सलग दहा सेकंदांहून जास्त मारू नका.

थंडीतला दोष दुपारच्या उन्हात दिसत नाही. तुम्ही अकरा वाजता गॅरेजला पोहोचता, गाडी एका झटक्यात सुरू होते, आणि मेकॅनिक अंदाजानं एखादा भाग बदलतो. म्हणून गाडी आदल्या संध्याकाळीच गॅरेजच्या आवारात लावून या आणि बजावून सांगा: सकाळी मीटर आणि स्कॅनर जोडल्याशिवाय किल्ली फिरवू नका.