सरड्याची धाव आणि आपली हौस

आजारी जिवाची सेवा म्हटली की आपल्याला काय काय सुचतं! डोक्यावरून हात फिरवणं, मांडीवर घेणं, दर तासाला "आता कसं वाटतंय?" विचारणं... आजारी जीव कॅमेलिऑन असेल तर ही सगळी यादी खोडून टाकायची. माझं मत असं की त्याच्या आजूबाजूचं सगळं नीट करायचं आणि त्याला एकटं सोडायचं, हीच त्याची शुश्रूषा. हे ज्याला जमणार नाही त्याने हा प्राणी पाळण्याच्या फंदात पडू नये.

आता हे मत आलं कुठून ते सांगतो. इथे न्यू जर्सीत एका सहकाऱ्याची बदली झाली आणि त्याचा व्हेल्ड कॅमेलिऑन पिंजऱ्यासकट माझ्याकडे आला. मूळचा येमेन-सौदी अरेबियाकडचा, म्हणजे आपल्या घोयऱ्याचा चुलतभाऊ. आला तेव्हाच पुढचा डावा पाय मोडलेला होता. कुठून पडला नव्हता, कुणी पाडला नव्हता. डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं, हाडंच मऊ झालीत.

याला मेटाबोलिक बोन डिसीज म्हणतात. पाळलेल्या सरड्यांमध्ये हा सर्रास होतो. त्वचेवर यूव्हीबी किरण पडले की ड जीवनसत्त्व तयार होतं आणि त्याच्या जोरावर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागतं. दुकानातून आलेला दिवा ऊब आणि उजेड देत होता, यूव्हीबी नाही. खिडकीतलं ऊन कितीही छान दिसलं तरी साधी काच यूव्हीबी जवळजवळ सगळं अडवते. मग शरीर रक्तातलं कॅल्शियम टिकवायला हाडांतून उचल करतं. एफडी मोडून घरखर्च चालवण्यासारखंच! बाहेरून सगळं ठीक दिसतं, आणि एक दिवस फांदी धरता धरता पाय मोडतो.

उपचार काय? डॉक्टरांनी मोजून दिलेलं कॅल्शियम आणि वेदनाशामक (आपल्या औषधांच्या डब्यातली गोळी चुकूनही नाही). यूव्हीबीची नवी ट्यूब. फांद्या खाली आणून आडव्या लावल्या, तळाशी टॉवेल अंथरला. ऊन खायच्या जागी साधारण ३० अंश सेल्सियस, कारण बाहेरून ऊब मिळाली नाही तर त्याला अन्न पचत नाही. वाटीतलं पाणी हे महाशय बहुधा ओळखतच नाहीत, म्हणून पानांवर फवारा मारायचा, थेंब ते चाटतात. रातकिडे कॅल्शियमच्या भुकटीत घोळवून द्यायचे, बेसनात भजी घोळवतो तसे :-)

हे सगळं अर्ध्या-पाऊण तासात उरकतं. उरलेला दिवस? काहीच करायचं नाही. आणि इथेच आपल्या जमातीचं घोडं अडतं. हापिसात दर पाच मिनिटांनी लॉग बघायची सवय, घरीही स्टेटस हवाच. पण कॅमेलिऑनच्या लेखी वाकून बघणारा मोठा चेहरा म्हणजे शिकारी. हातात घेतलं की तो गडद पडतो. लोक कौतुकाने म्हणतात, "बघ, रंग बदलला!" अहो, तो घाबरलाय! पार्श्वभूमीशी जुळावं म्हणून तो रंग बदलतो ही समजूत फारशी खरी नाही. रंगात त्याची मनःस्थिती आणि तापमान दिसतं. त्वचेतल्या सूक्ष्म स्फटिकांमधलं अंतर बदलून हे कसं घडतं ते जिनिव्हाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं. वेदना मात्र तो लपवतो. जंगलात लंगडणारा आधी मरतो ना.

एक मित्र म्हणाला, "मग पाळायचाच कशाला? पोस्टर लाव." प्रश्न रास्त आहे. विकत आणायला माझ्या मते खरंच काही कारण नाही. पण एकदा पिंजऱ्यात आलेल्या प्राण्याचं ऊन, पाऊस, फांदी सगळं आपल्या हातात असतं. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, हे आपण हसून म्हणतो. इथे कुंपण आपणच घातलंय, दोन बाय दोन बाय चार फुटांचं. तेव्हा आतल्या हवामानाची जबाबदारी कुंपणवाल्याची.

भारतातल्या मित्रांसाठी थोडं वेगळं. आपला घोयरा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली (१९७२) संरक्षित आहे. तो पाळता येत नाही, "बरा होईपर्यंत ठेवतो" म्हणूनही नाही. रस्त्यात जखमी सापडला तर भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा, काही भरवू नका आणि वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा. खोक्यापाशी फोटोसाठी गर्दी नको.

आमच्या पेशंटचं म्हणाल तर सहा आठवड्यांनंतरच्या एक्स-रेमध्ये हाड जुळताना दिसलं. पाय थोडा वाकडाच राहील. चिमट्यासारखी पकड परत आली आहे, खातो बऱ्यापैकी. मी खोलीत शिरलो की अजूनही फांदीच्या पलीकडच्या बाजूला सरकतो, अगदी पहिल्या दिवशी सरकला होता तसाच. मला वाटतं हे छानच आहे. सावधपणा शाबूत आहे म्हणजे जीव शाबूत आहे. शेपूट हलवून आभार मानणारं कुणी हवं असेल तर कुत्रा आणावा. त्यात काहीच वाईट नाही.