सेवेचे मोल

परप्रांतातील आपल्या महाराष्ट्र मंडळांत गोखल्यांची वा कर्व्यांची पुण्यतिथी आली, की एक तक्रार हमखास ऐकू येते : आजच्या तरुणांना समाजकार्य नको, पगार हवा. ही तक्रार करणारे कोण? महागाई भत्त्याच्या आदेशाची वर्षातून दोनदा चातकासारखी वाट पाहणारे आम्ही सरकारी नोकर! त्या सभांतून आम्हीही टाळ्या वाजविल्या आहेत. म्हणूनच हे लिहिणे आम्हांस प्राप्त आहे.

समाजकार्य हा शिकून करावयाचा व्यवसाय आहे, हे आपल्याकडे १९३६ सालीच मान्य झाले. त्या वर्षी मुंबईत सर दोराबजी टाटांच्या नावे समाजकार्याचे विद्यालय निघाले. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. तरुण तेथे जातात, पदवी घेतात. मग आम्ही विचारतो, "पण पोटापाण्याचे काय?" त्याने वेतनाचा आकडा सांगितला, की आम्हीच नाक मुरडतो, "सेवेचेही पैसे घेतोस?" बिचाऱ्याने कोठे जावे?

गोखल्यांचा दाखला द्यावयाचा तर तो पुरता द्यावा. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद म्हणून ते दरमहा ७५ रुपयांवर वर्षानुवर्षे शिकवीत राहिले. हा त्याग थोर खराच. परंतु ते ७५ रुपये ठरलेले होते आणि १९०२ साली निवृत्त झाल्यावर ३० रुपयांचे निवृत्तिवेतनही होते. त्यागी माणसालाही घर चालवावे लागते, हे त्या पिढीला उमगले होते.

आम्हांस मात्र ते उमगत नाही. अंगणवाडीची योजना १९७५ साली सुरू झाली. सेविकेच्या हाती पडते ते 'मानधन'. मान पुढे केला, की धन आखडता येते! निवृत्तीच्या वेळी तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे ठरण्यास सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ सालचा निकाल यावा लागला. आम्हांस हाच हक्क न मागता मिळतो.

तरुण हे सारे उघड्या डोळ्यांनी पाहतो. त्याला सेवेचा कंटाळा नाही. सेवकाला उपाशी ठेवून त्याची आरती ओवाळणाऱ्या समाजाचा त्याला विश्वास वाटत नाही. तेव्हा येत्या पुण्यतिथीस व्याख्यान नको. मंडळाच्या अंदाजपत्रकात एका शिक्षित समाजसेवकाच्या पूर्ण वेतनाची तरतूद करावी, आणि वर्गणीची पहिली पावती आमच्या नावाने फाडावी.