जुनी कार 'तीच' आहे, हे ठरतं कशावरून?

मे २०२२ मध्ये १९५५ ची 'मर्सिडीज ३०० एसएलआर उलेनहाऊट कूपे' लिलावात १३.५ कोटी युरोंना, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने सुमारे १,१०० कोटी रुपयांना विकली गेली. लिलावात विकली गेलेली ही जगातली सर्वांत महागडी कार. अशा फक्त दोनच गाड्या बनल्या होत्या आणि तोपर्यंत दोन्ही कंपनीकडेच होत्या. त्यामुळे मालकीबद्दल शंकेला जागाच नव्हती.

सगळ्या जुन्या रेसिंग कारचं असं नसतं. बेंटलीची 'ओल्ड नंबर वन' घ्या. १९२९ आणि १९३० अशी सलग दोन वर्षं तिने फ्रान्समधली ल माँ शर्यत जिंकली. पुढे तिची चासी, इंजिन, बॉडी सगळंच बदलत गेलं. अनेक वर्षांनी १ कोटी पौंडांचा सौदा ठरला, तेव्हा खरेदीदार अडून बसला: ही ती गाडीच नाही! वाद लंडनच्या हायकोर्टात गेला. १९९० मध्ये निकाल विक्रेत्याच्या बाजूने लागला. कोर्टाचं म्हणणं असं की, भाग बदलले तरी गाडीचा इतिहास कुठेही तुटलेला नाही, म्हणून ती 'ओल्ड नंबर वन'च.

म्हणूनच अशा व्यवहारात शर्यतींच्या नोंदी, दुरुस्तीची बिलं आणि आधीच्या मालकांची कागदपत्रं इंजिनाइतकीच बारकाईने तपासली जातात.